रिम धुतली की आठवड्यात परत काळी: कोकणातल्या गाड्यांसाठी ब्रेकच्या काजळीचं निदान

धुवायला बसण्याआधी दोन मिनिटं नुसतं चाकांकडे बघा, माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. ब्रेकची भुकटी रिमवर बसणारच, ती कोणाच्या गाडीला चुकलेली नाही, पण कुठल्या चाकावर किती बसलीय, रंग काय, सुकी आहे की चिकट, यावरून आत ब्रेकचं काय चाललंय ते कळतं आणि एकदा फोम मारला की सगळा पुरावा गटारात जातो. मी कणकवलीकडचा, फोंडा घाटातून वरखाली नेहमीचं, आणि वाडीतल्या, पाहुण्यांच्या, गणपतीला नि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांचं हे एकच दुखणं पुन्हा पुन्हा निस्तरत आलोय, त्यामुळे खालचा क्रम पुस्तकी नाही, फुकटापासून खर्चापर्यंत असा लावलाय.

आधी लक्षणं

पुढच्या दोन रिम काळ्या आणि मागच्या जवळजवळ साफ. बहुतेक छोट्या गाड्यांचं असंच असतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचे ब्रेक जास्त राबतात, शिवाय मागे ड्रम, म्हणजे बंद डब्यातला ब्रेक, असेल तर भुकटी ड्रमच्या आतच अडकून राहते. हा आजार नाही, नुसती धुलाई.

चारही काळ्या, पण पुढच्या जास्त. मागेपण डिस्क, म्हणजे उघड्या चकतीचा ब्रेक, असलेली गाडी. हेही ठीक.

डावी-उजवीत फरक. म्हणजे पुढची डावी कोळशासारखी आणि पुढची उजवी नुसती करडी, किंवा ड्रम असलेलं मागचं एकच चाक अचानक काळं-तांबूस दिसायला लागलं. हे लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. इथे शाम्पूने काही होणार नाही, तिथे ब्रेक धरून राहतोय.

धुऊनही न जाणारे बारीक नारिंगी ठिपके, बोट फिरवलं की खरखर लागते. ही नुसती वर बसलेली भुकटी नाही, लोखंडाचे कण रिमच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, रुतून तिथेच गंजलेत.

लालसर थर, बोटाला पिठासारखा लागतो, साध्या पाण्याने निघतो. जांभ्याची माती. घाबरायचं काही नाही, पण ती आतून साचली तर वेगळा त्रास देते, तो पुढे सांगतो.

लॅकरच्या खाली पांढरे, नागमोडी, दोऱ्यासारखे पट्टे किंवा फोड, विशेषतः रिमच्या काठाला नाहीतर नटांच्या भोवती. अ‍ॅल्युमिनियम आतून सडायला लागलंय. दर्यालगतच्या गाड्यांना हे फार.

टायरजवळ काळे शिंतोडे, थोडे तेलकट, बाहेरच्या बाजूला गोल फेकल्यासारखे. बहुतेक वेळा ही टायर पॉलिश असते, वॉशिंग सेंटरवाल्याने हौसेने मारलेली, गाडी चालली की ती उडून रिमवर बसते आणि वर धूळ पकडते.

आणि शेवटचं, रिमच्या आतल्या बाजूला ओलं, चिकट, काळं चिखलासारखं. टायरच्या आतल्या भिंतीवर ओघळ. ही काजळी नाही, काहीतरी गळतंय. ब्रेक ऑइल असू शकतं, अ‍ॅक्सलच्या फाटलेल्या रबरी बूटातलं ग्रीस असू शकतं. हे दिसलं तर पुढचं वाचू नका, आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि गाडी जागेवर ठेवून मेकॅनिकला बोलवा.

कोकणात जास्त का

पॅडमध्ये, म्हणजे डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ठोकळ्यांमध्ये, स्टीलचे धागे, ग्राफाइट, राळ असं बरंच काही दाबून बसवलेलं असतं आणि ते ज्या डिस्कवर घासतं ती बिडाची. घासताना दोन्ही झिजतात, म्हणून ही भुकटी म्हणजे नुसता पॅड नव्हे, त्यात डिस्कचं लोखंडपण भरपूर असतं. कण निघतात तेव्हा गरम असतात, रिमच्या लॅकरला चिकटतात. इथपर्यंत पुण्यातली गाडी आणि देवगडची गाडी सारखीच.

फरक पुढे पडतो. आपल्याकडे एकतर घाट. हिशोब करून बघा, माणसं-सामान धरून १२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर जवळपास ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या उष्णतेत साधारण २० लिटर पाणी उकळेल. त्यातलं थोडं हवा आणि टायर खातात, इंजिन किती खाणार ते तुमच्या गिअरवर, आणि उरलेलं सगळं पॅड नि डिस्कच्या बोकांडी. फोंडा, करूळ, आंबोली, आंबा, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या, न्यूट्रल टाकून किंवा टॉप गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलेली गाडी खाली आल्यावर रिमवरून ओळखता येते.

दुसरं मीठ. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ रिमवर बसतं, ओल धरून ठेवतं आणि रुतलेले लोखंडी कण पटापट गंजतात, गंजले की फुगतात, फुगले की लॅकरला बारीक चीर पडते, मग खारं पाणी थेट अ‍ॅल्युमिनियमपर्यंत. पांढरे दोरे तिथून सुरू होतात. आतल्या कोरड्या गावात जी काजळी सहा महिने निवांत बसून राहील ती मालवण-वेंगुर्ल्याला एका पावसाळ्यात रिम खाऊन टाकते. वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीने गाडी नेणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्या, ओहोटीला जेट्टीच्या उतारावर चाकं सरळ खाऱ्या पाण्यातून जातात. समुद्राच्या वाळूवर गाडी घालणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, त्यांचं ते आणि ट्रॅक्टरवाला बघून घेतील.

आता तपासणी, फुकटातली आधी

पहिलं, सुकी गाडी उजेडात उभी करा आणि चारी चाकांवर एकाच जागी, म्हणजे एकाच आऱ्यावर, पांढऱ्या टिश्यूने एकेक पुसणी द्या. चार टिश्यू बोनेटवर शेजारी शेजारी ठेवा. डोळ्याला रिमवर जो फरक कळत नाही तो कागदावर कळतो, कारण गडद रंगाच्या रिमवर काजळी लपते. पुढच्या दोन जवळपास सारख्या, मागच्या दोन सारख्या, तर निवांत धुवा. डावी-उजवी वेगळी आली तर ‘हाताने ताप बघणं’ या भागाकडे उडी मारा, मधलं नंतर. आमच्याकडे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, ते कुठलीही गाडी आली की हेच सांगतात, ‘धुवच्या आदी चाकां बघूची’. टिश्यूची युक्ती माझी, तत्त्व त्यांचं.

पावसाळ्यात एक गंमत होते. रात्री पाऊस, सकाळी डिस्क पूर्ण नारिंगी. नवीन गाडीवाले घाबरून फोन करतात. बीड ओलं झालं की काही तासांत वरवर गंज धरतंच, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये घासून साफ होतं आणि तीच तांबूस भुकटी रिमवर येते. म्हणून जून ते सप्टेंबर काजळीचा रंग काळ्याऐवजी तपकिरी दिसला तर ते नॉर्मल आहे. गाडी आठवडाभर उभी राहून आवाज करत असेल आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये आवाज गेला तरी नॉर्मल. नाही गेला तर नाही.

दुसरं, तुमचा पाय. हेही फुकट. घाट ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा, दुसरा-तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर एल, एस किंवा मॅन्युअल मोड जो काही दिलाय तो वापरा, तो शोभेला दिलेला नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी नीट दाबून वेग कमी करा आणि पाय काढा, म्हणजे डिस्कला मधे थंड व्हायला वेळ मिळतो. पॅड जितका तापेल तितका झिजतो, म्हणून एवढ्या एका सवयीने भुकटी दिसण्याइतकी कमी होते, आणि घाटात ब्रेक फेल व्हायची भीती कमी होते ते वेगळंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, कोकणात तर जास्तच. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश लागतो, पण ओल शिरल्यावरचं मानक फक्त १५५ अंश आहे. म्हणजे जुनं ऑइल लांब उतारावर आतल्या आत उकळू शकतं आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. घाट उतरताना पेडल मऊ लागलं, जळका वास आला, तर रिमचा विषय सोडा, सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्या, पाणी ओतू नका.

इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाडीवाले इथे हसतात कारण त्यांची गाडी मोटरनेच थांबते, रिम साफ राहतात. पण ब्रेक वापरातच नसल्याने आपल्या दमट हवेत त्यांच्या डिस्क गंजतात, तेव्हा मधून मधून रिकाम्या रस्त्यावर दोन-चार खणखणीत ब्रेक मारत जा. तसं युरोपने २०२४ साली केलेल्या युरो ७ नियमात ब्रेकच्या भुकटीवर मर्यादाच घातलीय, साध्या गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला ३. म्हणजे ही भुकटी नुसती रिमची कटकट नाही, श्वासात जाणारी गोष्ट आहे. म्हणून सुकी काजळी कधी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, फुंकरपण नको, आधी ओली करा.

पाणी आणि शाम्पू

गाडी आल्या आल्या रिमवर पाइप धरायचा नाही. गरम डिस्कवर एका बाजूने गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते, मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि गरम रिमवर शाम्पू लगेच सुकून डाग पाडतो. हात लावून रिम थंड लागली पाहिजे. सावलीत, सकाळी.

पाणी कुठलं आहे ते बघा. खाडीकाठच्या बऱ्याच विहिरी फेब्रुवारीनंतर मचूळ होतात, त्या पाण्याने रिम धुणं म्हणजे मीठ लावून ठेवणं. निदान शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा द्या, नाहीतर पावसाचं साठवलेलं वापरा, त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही.

क्रम असा, आधी भरपूर पाणी मारून लाल माती आणि रेती काढा, कारण तिच्यावर कापड घासलं तर पॉलिश पेपरच घासल्यासारखं आहे. मग कार शाम्पू आणि मऊ ब्रश, रिमसाठी वेगळी बादली, वेगळं कापड. रिमचं कापड बॉडीला लावायचं नाही, त्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात आणि ते बोनेटवर गोल गोल ओरखडे काढतात. एकेक चाक पूर्ण करून मगच पुढचं. आतली बाजू, म्हणजे आऱ्यांच्या मागे हात घालून जो गोल डबा लागतो तो, सगळे विसरतात. पावसात तिथे जांभ्याचा चिखल साचतो, सुकून दगड होतो आणि ७०-८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक बॅलन्सिंगला पैसे देऊन येतात, मग तो चिखल निम्मा गळून पडतो आणि परत थरथर. आधी आतून धुवा, मग बॅलन्सिंग. प्रेशर वॉशर आत मारताना चिकटवलेल्या वजनांवर अगदी जवळून धरू नका, ती उडतात.

किती वेळा? समुद्रापासून लांब, सपाटीवरच्या गाडीला पंधरा दिवसांनी चालेल. किनाऱ्यालगत किंवा रोज घाट असेल तर आठवड्याला, आणि जेट्टीवरून आलात तर त्याच दिवशी नुसतं गोडं पाणी तरी मारा. इथे कंटाळा महाग पडतो.

घरगुती उपाय सुचवणारे आपल्याकडे प्रत्येक पडवीत बसलेत, म्हणून हेही लिहितो. नारळाचं सोडण, काथ्या, तारेची घासणी, राख: लॅकर ओरबाडतात, पुढच्या वेळी काजळी त्या चरांत बसते आणि दुप्पट घट्ट. चिंच, आमसूल, बिंबल: पितळेची भांडी यांनी लखलखतात पण रिमवर लॅकर आहे, पितळ नाही, काजळीवर फारसा परिणाम होत नाही आणि आंबट पाणी नटांच्या खाचेत राहतं. टॉयलेट क्लीनर आणि फरशीचं अ‍ॅसिड: हे सगळ्यात वाईट, एका मिनिटात रिम चकाचक दिसते आणि महिन्याभरात पांढरे डाग, कारण अ‍ॅसिड लॅकर खातं आणि खालचं अ‍ॅल्युमिनियमपण. कॉस्टिक सोडासुद्धा अ‍ॅल्युमिनियमला तसाच वैरी. रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर बिनालेबलच्या कॅनमधून काही फवारायला घेतलं तर काय आहे ते विचारा, सांगता आलं नाही तर नको म्हणा, राग येईल त्याचा येऊ दे.

रुतलेले नारिंगी ठिपके

शाम्पूनंतरही खरखर राहिली तर आयर्न रिमूव्हर. अर्धा लिटरची बाटली साधारण ४०० ते ८०० रुपयांत मिळते आणि दर वेळी वापरायची नसल्याने वर्ष निघतं. आम्लाचं नाही, न्यूट्रल पीएचचं घ्या, लेबलवर तसं लिहिलेलं असतं. थंड, धुतलेल्या रिमवर फवारायचं, दोन मिनिटांत जांभळे ओघळ यायला लागतात, म्हणजे औषध लोखंडाशी भिडलं. वास सडक्या अंड्याचा, तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला. तीन-चार मिनिटं, सुकू द्यायचं नाही, मऊ ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवायचं. उन्हात करू नका. आणि जिथे लॅकर आधीच फुगलाय, उडालाय, तिथे फवारू नका, औषध चिरेतून आत जाऊन बसतं.

जांभळा रंग कमी-जास्त येतो त्यावरही लक्ष ठेवा. एका चाकावर धो धो जांभळं आणि समोरच्यावर नाममात्र, हा टिश्यूच्या परीक्षेचाच दुसरा पुरावा.

काळे डांबराचे थेंब या औषधाने जात नाहीत, त्याला टार रिमूव्हर. नसेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन हलक्या हाताने, लगेच शाम्पू. रबराला आणि डिस्कला रॉकेल लागता कामा नये. कुठलंही पॉलिश, वॅक्स, डब्ल्यूडी-४० डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार नाही, याच्यात मस्करी नाही.

साफ रिमवर थर

रिम एकदा खरोखर साफ झाली की त्यावर काहीतरी लावा, म्हणजे पुढच्या वेळी नुसत्या पाण्याने निम्मं काम होतं. साधा कार्नोबा वॅक्स लावू शकता पण तो ८२ ते ८६ अंशांना वितळतो, पुढच्या रिम घाटात एवढ्या तापायला वेळ लागत नाही, म्हणून घाटवाल्यांनी वॅक्सवर पैसे घालवू नयेत असं माझं मत. व्हील सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग घ्या. स्वतः लावायचं असेल तर चाक काढून, आतून-बाहेरून, पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे मध्ये, कारण आपल्याकडे जूनमध्ये काही सुकत नाही. कोटिंग केलं म्हणजे काजळी बसणार नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे, बसते, फक्त चिकटत नाही. काजळी अडवायला डिस्कपुढे लावायच्या चकत्या ऑनलाइन मिळतात, त्या मुळीच लावू नका, हवा अडते, ब्रेक तापतो.

डावी-उजवी वेगळी असेल तर: हाताने ताप बघणं

सपाट हायवेवर १०-१५ किलोमीटर चालवा, शेवटचा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी आपोआप हळू होऊ द्या आणि थांबा. तळहात प्रत्येक चाकाच्या आऱ्यांजवळ न्या, टेकवू नका, डिस्कला तर नाहीच नाही. चारही कोमट असायला हवीत. एकातूनच झळ येत असेल तर ब्रेक सुटत नाहीये. टेम्परेचर गन असेल तर ती चकचकीत अलॉयवर धरू नका, चमकत्या धातूवर आकडा चुकीचा कमी दाखवते, टायरच्या कडेवर किंवा एखाद्या काळ्या, मंद भागावर चारी ठिकाणी एकाच जागी धरा. दहा-पंधरा अंशांचा फरक मी सोडून देतो, चाळीस-पन्नासचा नाही. सोबतची लक्षणं: गाडी एका बाजूला ओढते, अ‍ॅव्हरेज पडलं, उतारावर न्यूट्रलला सोडली तर पूर्वीसारखी घरंगळत नाही.

मागचं ड्रमवालं चाक तापत असेल तर आधी हँडब्रेकवर संशय घ्या. गणपती झाले, गाडी गावी झाकून ठेवली, हँडब्रेक ओढलेला, दिवाळीला आलात तर लायनर, म्हणजे ड्रमच्या आतले पॅड, ड्रमला चिकटलेले आणि केबल आतून गंजलेली. गाडी ओढून काढली की सुटते पण केबल पूर्ण परत येत नाही आणि ते चाक कायम थोडं धरून राहतं. सपाट जागा असेल तर पावसाळ्यात गाडी ठेवताना पहिल्या गिअरला टाका, चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा आणि हँडब्रेक सोडा. उतारावर हे करू नका, तिथे दोन्ही हवेत, म्हणून जागाच सपाट शोधा.

जॅक लावून

हे करायचं तर जमीन घट्ट हवी. पावसात अंगणातल्या लाल मातीत जॅक हळूहळू रुततो, खाली जाड फळी टाका, विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड, आणि जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड नसेल तर पायसुद्धा नाही. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. चाक हाताने फिरवा. पॅडची हलकी सरसर लागणं आणि थोडा जडपणा असणं बरोबर आहे. एक-दोनदा ब्रेक दाबून सोडायला सांगा कोणाला आणि लगेच परत फिरवा, लगेच मोकळं व्हायला हवं. मग दुसऱ्या बाजूचं. दोन्हींची तुलनाच खरी, नुसतं एक फिरवून काही कळत नाही.

जड फिरलं तर चाक काढून बघा. बाहेरचा आणि आतला पॅड दोन्हींची जाडी बघा, आतला बघायला मोबाईलचा टॉर्च आणि कॅमेरा आत घाला. नवीन पॅडवर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास माल असतो, ३ च्या खाली गेला की बदला. एकाच चाकातला एक पॅड संपलेला आणि दुसरा भरलेला दिसला तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना जाम आहेत, माझ्या बघण्यात कोकणातल्या एकाच काळ्या रिमचं सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघालंय. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, त्यावर रबराचे बूट असतात, बूट फाटला की खारी ओल आत, पिन गंजते, सरकत नाही, मग ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतो, रात्रंदिवस भुकटी पाडत.

इलाज स्वस्त आहे. पिना काढून साफ करणे, बूट नवीन, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. गॅरेजमध्ये जाताना हे ग्रीस स्वतः घेऊन जा नाहीतर विचारून घ्या, कारण डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावलं तर त्याने ते रबर फुगतं आणि थोड्या दिवसांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट. दर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, हे एकदा करून घेतलं तर एकच रिम काळी हा प्रकार बहुधा बंदच होतो.

कॅलिपर स्वतः खोलायचा की नाही? आधी कोणाच्या शेजारी बसून केलं असेल तर खोला, कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा, आणि तो उतरवलेला असताना कोणीही पेडल दाबायचं नाही. जोडून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्यांदाच करत असाल तर चाक काढून फोटो काढा आणि चाक परत लावा, एवढंच. नट आधी हाताने, मग चांदणीसारखे समोरासमोर घट्ट करा, शेवटचं घट्ट करणं चाक जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांचा ९० ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान येतो.

पॅडच बदलावेत का

सगळं ठीक आहे, डावी-उजवी सारखी आहे, पाय पण सुधारला, तरी आठवड्यात काळी होते? मग पॅडचा मालच भुकटी जास्त सोडणारा आहे. धातू जास्त असलेले पॅड गरम असताना चांगले धरतात पण काजळी काळी नि भरपूर. सिरॅमिक पॅडची भुकटी कमी आणि फिकट असते, रिमवर दिसत नाही. पण नुसत्या रिमसाठी चांगले पॅड फेकू नका, झिजल्यावर बदलताना विचार करा. बिननावाचे स्वस्त सिरॅमिक तर नकोच, घाटात भरलेली गाडी थांबवायची आहे, रिम नंतर. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला आणि डिस्कची जाडी मोजून घ्या, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

इथे हात थांबवा

खालच्यातलं काहीही असेल तर स्वतः काही करू नका, अनुभवी ब्रेकवाला गाठा, गाडी चालवत नेणं धोक्याचं वाटलं तर त्यालाच बोलवा. चाकाच्या आत ओल आणि ब्रेक ऑइल कमी. पेडल मऊ किंवा खाली जाणारं. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट. पिना साफ करूनही तेच चाक परत तापतंय, म्हणजे पिस्टन जाम असेल नाहीतर ब्रेकची रबरी नळी आतून बंद झाली असेल, दोन्ही घरी होणारी कामं नाहीत. डिस्कला चीर किंवा बोटाला लागणारे खोल चर. एबीएसचा दिवा. आणि मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेली गाडी, तिचे पॅड बदलायला स्कॅनर लावून मोटर मागे घ्यावी लागते, पान्याने ढकलली तर मोटर जाते.

रिमचं म्हणाल तर पांढरे दोरे पसरले की घासून उपयोग नाही, लॅकर काढून परत करावा लागतो. डायमंड कट रिमचा वरचा थर मशिनवर कापलेला असतो, तो कितीही वेळा कापता येत नाही, म्हणून तिथे आधी विचारा किती माल शिल्लक आहे. रिमला तडा दिसला तर वेल्डिंगवाला नको, नवीन रिम.

मेकॅनिककडे गेलात की ‘रिम काळी होते’ एवढंच सांगू नका, तो धुवायला सांगेल. कुठलं चाक, गरम किती, ओढते कुठे, फरक कधीपासून, आणि ते चार टिश्यू किंवा त्यांचा फोटो दाखवा. नवीन पॅड बसवले की पहिले काही शे किलोमीटर दोन्ही रिम आधीपेक्षा जास्त काळ्या होतील, पॅड डिस्कवर बसत असतो, तेवढ्यात परत गॅरेजला धावू नका. त्या काळात लांब घाट टाळा, ६० वरून २० पर्यंत हलके हलके ब्रेक मारत, मधे थोडं मोकळं चालवत पॅड बसू द्या, आणि हजारेक किलोमीटरनंतर टिश्यूची परीक्षा परत घ्या.